सिक्लिडची पिल्लं आणि माझे तीन प्रयत्न

मागच्या भागात बोलता बोलता मी सहज म्हणून गेले की आमच्या टाकीत पिल्लं झालीत. तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "ताई, आमच्याकडेही अंडी घातलीत, पुढे काय करू?" तर आज फक्त तेवढंच. सांगताना माझी फजितीही सांगणार आहे, कारण तिच्याशिवाय हा विषय पूर्णच होत नाही. इयरफोन नसतील तर खाली वाचा, सगळं लिहून ठेवलंय.

आधी मासा कोणता ते सांगते. माझ्याकडे आहेत कन्व्हिक्ट सिक्लिड. राखाडी अंगावर काळे उभे पट्टे, जुन्या सिनेमातल्या कैद्याच्या कपड्यांसारखे, म्हणून हे नाव. मूळचे मध्य अमेरिकेतले, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर त्या बाजूचे. ह्यांच्यात गंमत म्हणजे रंगीत असते ती मादी. तिच्या पोटावर केशरी झाक असते. नर मोठा, लांब पंखांचा, पण रंगाने साधा. मी दुकानातून आणले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. "दोन द्या, छान दिसतायत" म्हटलं आणि नशिबाने जोडी निघाली. नशिबाने की कसं, ते तुम्हीच ठरवा.

टाकी दोन फुटी. म्हणजे दोन बाय एक बाय एक, साधारण ५५ लिटर पाणी. त्यात आधीपासून सहा गप्पी होते. "होते" म्हणतेय कारण ह्या जोडीने तिसऱ्याच आठवड्यात एक कोपरा आपला म्हणून जाहीर केला आणि गप्पींना दुसऱ्या कोपऱ्यात दाबून ठेवलं. दोन गेले, चार मी मैत्रिणीला देऊन वाचवले. तुमच्याकडे छोटे शांत मासे असतील तर त्यांच्यासोबत सिक्लिडची जोडी ठेवू नका. विषय संपला.

पहिला प्रयत्न थोडक्यात सांगते, कारण तो थोडक्यातच आटोपला. टाकीत एक छोटं मातीचं मडकं आडवं ठेवलं होतं, शोभेला. एका सकाळी त्याच्या आत छताला राजगिऱ्यासारखे दाणे चिकटलेले दिसले. शे-दीडशे तरी असतील. मादी त्यांच्यासमोर उभी राहून पंखांनी वारा घालत होती. मी काय केलं असेल? मोबाइल काढला, फ्लॅश लावला आणि व्हिडिओ केला. मग आईला दाखवायला पुन्हा टॉर्च. संध्याकाळी मावशी आली, तिला दाखवायला पुन्हा टॉर्च. दुसऱ्या दिवशी सकाळी मडकं स्वच्छ. खाऊन टाकली होती. नवखी जोडी, त्यात सारखा त्रास. इथे आपली अंडी टिकणार नाहीत असं वाटलं की हे मासे स्वतःच ती संपवतात. व्हिडिओला लाइक्स मात्र भरपूर आले.

आता दुसरा प्रयत्न. ह्याच्याबद्दल बोलायचं मी खरं तर टाळत होते.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा अंडी आली. ह्या वेळी मी ठरवलं की ह्या दोघांवर विश्वास ठेवायचाच नाही. अंडी फुटायला साधारण तीन दिवस लागतात, पाणी २६-२७ अंशांवर असेल तर. फुटल्यावर पिल्लं लगेच पोहत नाहीत. नुसती वळवळतात, शेपटीचा केस तेवढा हलतो. पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते, तेच त्यांचं जेवण. असे आणखी चार-पाच दिवस जातात आणि मग एके दिवशी सगळी फौज एकदम तळापासून वर उठते. तो क्षण भारी असतो. धुकं उठल्यासारखं दिसतं.

मला वाटलं, आता उचलू या. एक फुटी नवी टाकी आणली, नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून भरलं, क्लोरीन मारणारे थेंबही टाकले, आणि नळीने सगळी पिल्लं त्यात ओढून घेतली. आईबाप तिकडे, लेकरं इकडे. मादी दिवसभर त्या मडक्याभोवती फिरत होती. मी म्हटलं, होईल सवय.

खायला काय द्यायचं? कुणीतरी सांगितलं, उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळून द्या. घरात अंडी होतीच. दिवसातून चार वेळा दिला. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढंसं पुरेल का ह्यांना? म्हणून अजून थोडा. आजी येता जाता म्हणायची, "अगं, पाणी ताकासारखं दिसतंय." मी म्हणायचे, आजी, ते जेवण आहे.

चौथ्या दिवशी सकाळी ती टाकी हलत नव्हती. नुसतं पाणी होतं. तळाला पांढरे धागे पडले होते. मी चहाच्या गाळणीने एकेक काढत बसले आणि मोजत राहिले, का ते माहीत नाही. ११८ मेलेली. ११ जिवंत, तीही पाण्याच्या वरच्या थराशी तोंड उघडून. ती संध्याकाळपर्यंत गेली. कॉलेजला गेले नाही त्या दिवशी. बाबा आधी म्हणाले, "माशांसाठी सुट्टी?" मग टाकीकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

काय चुकलं ते नंतर नीट समजून घेतलं. मासे पाण्यातच श्वास घेतात आणि पाण्यातच घाण करतात. त्या घाणीतून आणि कुजलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. जुन्या टाकीत, फिल्टरच्या स्पंजमध्ये, खडीवर जिवाणूंची वस्ती असते. एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सौम्य. पण ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझी नवी टाकी चार दिवसांची होती. काचेसारखी स्वच्छ दिसणारी, पण आतून रिकामी. त्यात मी दिवसाला चार वेळा बलक ओतत होते. बलक पाण्यात कुजला की प्राणवायूही खातो. म्हणजे मी त्यांना उपाशी ठेवलं नाही, गुदमरवलं. दुकानदार काकांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "बेटा, माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, आणि ह्या पिल्लांचा डोळा केवढा?"

महिनाभर मी टाकीला हातच लावला नाही, नुसतं पाणी बदलायचे. माशांना त्याच्याशी काही घेणंदेणं नव्हतं. तिसऱ्यांदा अंडी आली.

ह्या वेळी मी काहीच उचललं नाही. खरंच सांगते, सगळ्यात अवघड काम तेच होतं. टाकीच्या तीन बाजूंना वर्तमानपत्र लावलं, समोरच्या बाजूला जुनी ओढणी. फिल्टर बदलला. आधी ओढून घेणारा पॉवर फिल्टर होता, त्याच्या तोंडात पिल्लं जाऊन चिकटतात. त्याच्या जागी एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर, पण तो आधी महिनाभर ह्याच टाकीत जुन्या फिल्टरसोबत चालवून ठेवला होता, जिवाणू बसावेत म्हणून. पिल्लं त्या स्पंजवरचं काहीबाही टिपून खातात, हा बोनस.

आणि मग मी बघत बसले, ओढणीच्या फटीतून.

अंडी फुटली तशी मादीने वळवळणारी पिल्लं तोंडात भरून खडीत उकरलेल्या खड्ड्यात नेऊन टाकली. पहिल्यांदा बघताना छातीत धस्स झालं, वाटलं खाल्ली. पण ती थुंकून टाकते, अगदी अलगद. दुसऱ्या दिवशी दुसरा खड्डा. घर बदलत राहतात. नर बाहेरच्या बाजूला पहारा देतो. पिल्लं पोहायला लागली की एखादं भरकटतं, मग दोघांपैकी कुणीतरी जाऊन ते तोंडात ओढतं आणि घोळक्यात आणून सोडतं. मादीने झटकन अंग हलवलं की सगळी पिल्लं तळाला चिकटतात, जणू कुणी "खाली बसा" म्हटलंय. मी देशी बदामाची दोन वाळकी पानं टाकली होती. तर नर ते पान तोंडात धरून उलटं करायचा आणि पिल्लं धावत जाऊन पानाखालचं खायची. पंखांनी वाळू उडवूनही देतात, आपण भाताची शितं सुटी करून मुलांपुढे ठेवतो तसं. हे मी शिकवलं नव्हतं, आणि मागच्या वेळी हे सगळं मी त्यांच्यापासून काढून घेतलं होतं.

ह्यावरून एक किस्सा. कोनराड लॉरेन्झ नावाचे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ होते, प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे. १९७३ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा आहे. त्यांनी ज्वेल फिश ह्या दुसऱ्या सिक्लिडची गोष्ट लिहून ठेवलीय. संध्याकाळी बाप एकेक पिल्लू तोंडात घेऊन घरी नेत होता. लॉरेन्झनी टाकीत गांडुळाचे तुकडे टाकले. बापाने एक तुकडा तोंडात घेतला आणि चावतोय तेवढ्यात समोर एक चुकलेलं पिल्लू. त्याने तेही तोंडात घेतलं. आता एकाच तोंडात जेवण आणि पोर. मासा थिजून उभा राहिला. मग त्याने दोन्ही थुंकलं, गांडूळ शांतपणे खाल्लं, पिल्लावर एक डोळा ठेवून, आणि नंतर पिल्लू उचलून घरी नेलं. माझी जोडी इतकी विचारवंत वाटत नाही, पण संध्याकाळी पिल्लं गोळा करण्याचा कार्यक्रम तसाच चालतो. म्हणून टाकीचा लाइट फटकन बंद करू नका. आधी खोलीतला छोटा दिवा चालू राहू दे, त्यांना लेकरं आत घ्यायला पंधरा-वीस मिनिटं द्या.

जेवणाचं ह्या वेळी नीट केलं. बलकाची पिशवी संपून पिल्लं पोहायला लागेपर्यंत काहीही द्यायचं नाही. कितीही वाटलं तरी. त्यानंतर सगळ्यात चांगलं म्हणजे जिवंत आर्टेमिया. त्याची अंडी डबीत कोरडी मिळतात, तपकिरी पावडरसारखी. कोल्ड्रिंकची लिटरची बाटली घ्यायची, पाण्यात दोन मोठे चमचे खडे मीठ, म्हणजे साधारण ३० ग्रॅम, पाव चमचा अंडी, आणि एअरची नळी तळापर्यंत सोडून रात्रंदिवस बुडबुडे. शेजारी टेबल लॅम्प. उन्हाळ्यात २४ तासांत फुटतात, पुण्याच्या थंडीत मला दीड दिवस लागला. मग हवा बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगतात, आणि केशरी ठिपके उजेडाकडे गोळा होतात. ते नळीने काढायचे, रुमालात गाळून साध्या पाण्याने धुवायचे आणि ड्रॉपरने पिल्लांच्या घोळक्यात सोडायचे. खाल्लं की नाही ते कसं कळणार? पिल्लांची पोटं पारदर्शक असतात. पाच मिनिटांत सगळ्यांची पोटं केशरी दिसतात. केशरी पोट म्हणजे बास, आता हात मागे. मी दिवसातून तीन वेळा द्यायचे, थोडं थोडं. दोन आठवड्यांनंतर मोठ्यांचंच कोरडं खाणं बोटांनी पीठ करून द्यायला सुरुवात केली.

पाणी बदलायची माझी पद्धत आवडेल तुम्हाला. मोठा पाइप नाही वापरायचा, एअरचीच बारीक नळी, आणि पाणी नेहमी पांढऱ्या बादलीत. पांढऱ्यावर चुकून ओढलं गेलेलं पिल्लू लगेच दिसतं. चमच्याने उचलून परत. रोज एक-पंचमांश पाणी काढायचे आणि तितकंच, त्याच तापमानाचं, क्लोरीन मारलेलं पाणी त्याच बारीक नळीने हळूहळू आत. अर्धा तास जायचा. त्या अर्ध्या तासात मी कितीतरी पॉडकास्ट ऐकलेत. काढलेलं पाणी कुंडीतल्या झाडांना. आमचा मोगरा ह्या वर्षी जो फुललाय!

मध्ये एक गुरुवार आला. गुरुवार म्हणजे आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाणार. सकाळी दहाला गेली आणि तीनपर्यंत आलीच नाही. पंप बंद. वर पंप टाकीच्या खाली ठेवलेला, त्यामुळे नळीतून पाणी उलटं खाली यायला लागलं. फरशीवर तळं. त्यासाठी नळीत एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावायचा असतो, नखाएवढा, किरकोळ वस्तू. मी लावला नव्हता. आजीने फरशी पुसली आणि मी स्टुलावर बसून वाटीने टाकीतलं पाणी उचलून वरून ओतत राहिले, दर दहा मिनिटांनी, म्हणजे हवा मिसळेल. मी जेवायला उठले तेव्हा वाटी आजीने घेतली. दोन वाजता बघते तर ती वाटी ओतता ओतता पिल्लांशी बोलत होती. आता घरात बॅटरीवर चालणारा पंप आहे.

पोहायला लागली तेव्हा अंदाजे ९० होती. दोन महिन्यांनी ६४ उरली, नखाएवढी. मधली कुठे गेली ते नीट दिसत नाही, अधूनमधून एक-दोन कमी होतात. पाचव्या आठवड्यात नर मादीच्या मागे लागला, तिचे पंख फाटायला लागले. त्याला पुढची अंडी हवी होती, तिला ही पोरं. तेव्हा मध्ये जाळी घातली. हे दिसलं की लगेच करा, थांबू नका.

आता ६४ माशांचं काय करायचं? ह्याबद्दल कुणी बोलत नाही. व्हिडिओत पिल्लं पोहायला लागली की गाणं वाजतं आणि संपतं. दोन फुटी टाकीत ६४ सिक्लिड म्हणजे रोजची मारामारी. दुकानदार काकांनी ३० घेतली, बदल्यात खाण्याचे दोन डबे दिले. म्हणाले, "ह्याला गिऱ्हाईक कमी, परत आणू नकोस." १६ मित्रमैत्रिणींकडे गेली. उरली १८. एक मित्र म्हणाला, "सोड ना तळ्यात, मोकळी होतील बिचारी." मला पटलंही होतं. सुट्टीत मामाकडे भिगवणला जायचंच होतं, समोर उजनीचं एवढं पाणी. पिशवीत घालून नेते, म्हणून मामाला फोन केला.

मामाची मासेमारी उजनीतच. तो फोनवर आधी हसला. मग म्हणाला, "बाई, तुझी बोटुकली घरातच ठेव." बोटुकली म्हणजे बोटाएवढं पिल्लू. मासेमारीत हा रोजचा शब्द आहे, त्याआधीच्या अगदी बारक्यांना मत्स्यजिरे म्हणतात. मग त्याने विचारलं, "चिलापी खातेस ना? ती कुठली?" मला वाटायचं इथलीच. चिलापी म्हणजे तिलापिया, आणि तिलापिया म्हणजे आफ्रिकेतला सिक्लिड. माझ्या टाकीतल्यांचा चुलत भाऊ. १९५२ मध्ये तो भारतात खाण्यासाठी म्हणून आणला गेला आणि आता तळ्या-धरणांत सगळीकडे आहे. कारण तेच, जे मी ओढणीच्या फटीतून बघत होते. आईबाप पिल्लं सांभाळतात. आपले रोहू-कटला लाखोंनी अंडी टाकून निघून जातात, ह्यांची थोडी असतात पण टिकतात. "आणि तो सकर," मामा म्हणाला, "काच चाटणारा. तुमच्यासारख्याच कुणीतरी मोठा झाला म्हणून सोडला असणार. जाळ्यात येतो, काट्यांनी जाळं फाडतो, विकला जात नाही. मी जाळं शिवत बसतो."

मला काही बोलता आलं नाही. भारतात मूळचे सिक्लिड फक्त तीन जातींचे आहेत, त्यातला एक गोव्यात कालुंदर म्हणून तळून मिळतो आणि केरळात करीमीन म्हणून. बाकी सगळे कुणीतरी आणलेले. मला त्या यादीत भर घालायची नव्हती.

१८ पैकी आता ११ आहेत, मोठ्या टाकीत. ती जुनी तीन फुटी टाकी बाबांनीच शोधून आणली, हे नमूद करते. माद्यांच्या पोटावर केशरी रंग दिसायला लागलाय, म्हणजे चार-सहा महिन्यांची झाली की हीसुद्धा अंडी घालणार. नर ओळखले की वेगळे करायचेत.

आणि जुनी जोडी. मागच्या आठवड्यात जाळी काढली होती, मादीचे पंख भरून आले म्हणून. परवा सकाळी मडक्यात पुन्हा दाणे. मी टाकीसमोर बराच वेळ बसले. मग हात आत घातला. मादीने बोटाला दोनदा ढुशी मारली, जोरात. मडकं बाहेर काढलं आणि गॅलरीत उन्हात ठेवलं. दुपारपर्यंत ती टाकीच्या त्याच कोपऱ्यात, मडकं नव्हतं तिथे वारा घालत होती. जाळी परत लावलीय. एकाला कुठेतरी चांगलं घर बघायचंय, बहुतेक नराला. पुण्यात कुणाकडे तीन फुटी किंवा मोठी, रिकामी, जुनी बसलेली टाकी असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. नवी टाकी असेल तर सहा आठवडे थांबून पाठवा.

पुढच्या भागात भेटू.